पाचवं शील

साळवे टेलर बायकांच्या अंगाला टेप लावत नसत. "मापाचं ब्लाउज आणा," एवढंच म्हणायचे. नवी सून असली आणि तिचं मापाचं ब्लाउज माहेरीच राहिलं असलं, तर तिच्या सासूला विचारायचे, "तुमच्या पोरीएवढी हाय का थोडी भरीव?" आणि त्या उत्तरावर कापड कापायचे. ते ब्लाउज असं बसायचं की सासूलाच नवल वाटायचं.

टेंभुर्णीच्या बाजारात त्यांचं दुकान आणि माझं मॅचिंग सेंटर यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही पत्र्याची. अस्तर, फॉल, रिळं, हुक माझ्याकडे. कात्री आणि मशीन त्यांच्याकडे. सोळा वर्षं आम्ही त्या पत्र्याच्या दोन बाजूंना बसलो. मी गिऱ्हाइकाला काही दाखवू लागले की पलीकडून आवाज यायचा, "लताताई, त्यांला हिरवा नका देऊ. मोरपंखी द्या. साडी मी पाह्यली हाय." मला राग यायचा आणि मोरपंखीच बरोबर निघायचा.

तो आवाज म्हणजे एक प्रकरणच होतं. सकाळी सात वाजता शटर वर गेलं की साळवे बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे उभे राहून वंदना म्हणायचे. पालीतला एकेक शब्द सुटा, खणखणीत. समोरचा गिरणीवाला तेवढा वेळ गिरणी सुरू करत नसे. तो माळकरी होता, पण म्हणायचा, "समजत न्हाई काही, पण दिवस चांगला जातो." मी त्यांना टेलरभाऊ म्हणायची. गावात मात्र ते आचार्य होते, कारण आसपासच्या चार-पाच गावांतल्या बौद्ध घरांतली लग्नं, नामकरणं त्यांच्याच हातून व्हायची. पांढरा सदरा, पांढरी विजार, दोन्ही स्वतः शिवलेली आणि स्वतःच इस्त्री केलेली. चहाशिवाय कुठे काही घेत नसत.

मी शेतकरी मराठ्यांच्या घरातली, पण त्यांनी लावलेली लग्नं मी बरीच पाहिली, कारण नवरीचं ब्लाउज आमच्या दोघांच्या दुकानांतून गेलेलं असायचं. लग्नात ते पंचशील द्यायचे. जीव घेऊ नये, चोरी करू नये, व्यभिचार करू नये, खोटं बोलू नये, आणि पाचवं, दारू पिऊ नये. ते एकेक ओळ म्हणायचे आणि मांडव त्यांच्यामागून म्हणायचा. चौथं झालं की ते थांबायचे. नवरदेवाकडे बघायचे, मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या दोस्तमंडळींकडे जरा जास्त वेळ बघायचे. "हे पाचवं नीट आईका. ह्ये मोडलं की आधीचे चारी आपोआप मोडतात." आणि मग 'सुरामेरय' असा सुरू होणारा तो पाचव्या शीलाचा शब्द असा काही उच्चारायचे की मांडवाच्या कडेला उभे असलेले दोघंतिघं हळूच आणखी कडेला सरकायचे.

यामागे त्यांचे वडील होते. तेही टेलरच. एकदा दुपारी वीज गेली आणि मशीन थांबली, तेव्हा पत्र्यापलीकडून ते सहज बोलल्यासारखे बोलले होते, "माझा बाप लई चांगला कारागीर व्हता, ताई. दुपारपर्यंत." मी गावातल्या म्हाताऱ्यांकडून बाकीचं ऐकलं होतं. दारूने गेला. साळव्यांनी आयुष्यात थेंबाला हात लावला नव्हता. त्यांचं एकच व्यसन, लवंग. मशीनच्या खणात खडूच्या डबीशेजारी लवंगेची स्टीलची डबी असायची आणि दिवसभर एक लवंग गालात.

आणि एक वाक्य. कुणी कापड टाकायला आलं आणि घाई करू लागलं की म्हणायचे, "थांबा. कात्री चालली की माफी न्हाई."

सुरुवात डोळ्यापासून झाली. दुपारी चारच्या सुमाराला त्यांची डावी पापणी खाली यायची. चहावाल्याने थट्टा केली, "आचार्य, या वयात कोनाला डोळा मारून राह्यले?" तेही हसले. मग त्यांना सुई दोन दिसू लागल्या. एक डोळा हाताने झाकून ते दोरा ओवायचे. जालन्याला जाऊन चष्मा बदलून आले, महिनाभराने पुन्हा बदलून आले. डबा खाताना निम्म्या भाकरीनंतर हनुवटीखाली मूठ लावून बसू लागले, जबडा वर उचलून धरल्यासारखे. कुणी म्हणालं वीकनेस आहे. मग सलाइनच्या दोन बाटल्या झाल्या. आणि मग तो आवाज गेला. सगळा नाही. सकाळी सातला होता तसाच असायचा. संध्याकाळी मात्र नाकात बोलल्यासारखा, शब्द एकमेकांत अडखळणारे, ओढलेले.

आता पापण्या जड, जीभ जड, चाल थकलेली, आणि हे सगळं दिवस कलल्यावर. गावाने काय समजायचं ते समजून घेतलं. काही जण वाईट वाटून म्हणायचे, काही जण मजेने, पण म्हणायचे एकच. बापावर गेला. दुपारपर्यंतच चांगला.

मीही तेच समजले. हे लिहायला जड जातं, पण लिहायला हवं. माझा धाकटा भाऊ दारूत गेलेला. त्यामुळे दारू प्यालेला माणूस मला पाठीवरूनही ओळखता येतो असा माझा तोरा होता. एका संध्याकाळी पिंपळगाव रेणुकाईच्या एका बाईचं ब्लाउज परत आलं, डावी बाही वाकडी शिवलेली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. ते घेऊन मी त्यांच्याकडे गेले आणि दाखवायच्या निमित्ताने जरा जास्तच पुढे वाकले. त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कात्री खाली ठेवली, गालातली लवंग कागदात काढली आणि माझ्याकडे तोंड करून सावकाश श्वास सोडला.

"घ्या ताई. वास घ्या."

लवंगेशिवाय काही वास नव्हता. आणि मी शहाणी, माझ्या मनात काय यावं? की लवंग त्यासाठीच खात असतील. ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. दुसऱ्या दिवशी मशीनच्या खणात खडूची डबी एकटीच होती.

मग शेजारच्या गावातलं ते लग्न. आपल्याकडे पत्रिकेवर बारा पस्तीस छापलेलं असतं आणि वऱ्हाड चार वाजता वाजतगाजत येतं, याचं कुणाला काही वाटत नाही. साळवे सकाळी दहापासून मांडवात. माईक तपासा, आसनं लावा, लोकांना बसवा, सगळं त्यांच्याच बोलण्यावर. साडेचारला त्यांनी पंचशील सुरू केलं. पहिलं नीट. दुसरं नीट. तिसऱ्याला आवाज नाकात गेला. चौथ्याला शब्द घसरले. नेहमीसारखे थांबले, वर पाहायला गेले, तर पापण्या उचलेनात. आणि 'सुरामेरय' जिभेवर अडकला. पुन्हा म्हणायला गेले, पुन्हा अडकला. मागून कुणीतरी म्हणालं, "आचार्यांनी आजच घेतलेली दिसती," आणि मांडव हसला. त्याचा व्हिडिओ सूर्य मावळायच्या आत टेंभुर्णीत पोचला होता.

अफवेला पाय फुटले ते या गोष्टीमुळे. चार शीलं सुटली आणि नेमकं दारूचं अडलं. खोट्या माणसाची जीभ बरोबर तिथेच अडकते, असं शहाणीसुरती माणसं बोलू लागली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका घरच्या कार्यक्रमात पुन्हा तसंच झालं, पुन्हा पाचव्यावरच. मग विहाराच्या समितीचे अध्यक्ष हिवाळे मास्तर दुकानात आले. सेवानिवृत्त शिक्षक, सरळ माणूस. पत्र्यातून मला सगळं ऐकू येत होतं.

"काशिनाथराव, हे निवळेपर्यंत तुम्ही वंदना घेऊ नका. लोकं बोलून राह्यलेत."

मला वाटलं, आता भांडतील. शपथा घालतील. साळवे म्हणाले, "बराबर हाय, मास्तर. ज्याच्यावर शंका, त्यानं शील देऊ न्हाई." आणि मशीन सुरू केली. दुसऱ्या दिवसापासून सकाळची वंदना ते मनातल्या मनात म्हणू लागले. गिरणीवाला दोन दिवस सवयीने थांबला, तिसऱ्या दिवशी त्याने गिरणी चालू केली.

ती वाकडी बाही माझ्याकडेच पडून होती. एकदा काम नव्हतं म्हणून मी ब्लाउज उलटं करून पाहिलं. उजव्या बाहीची शिवण दोरी ताणून मारावी तशी सरळ. डावीची भरकटलेली. एकाच माणसाच्या हातच्या दोन बाह्या. मी पत्र्यावर टकटक केलं आणि विचारलं, ही कधी लावली आणि ती कधी?

"उजवी सकाळची. डावी चार वाजताची."

मग मी लक्ष ठेवायला लागले. या वेळी वास घेण्यासाठी नाही. दुपारी वीज गेली की ते कापायच्या टेबलावर आडवे व्हायचे. अर्ध्या तासाने वीज यायची, ते उठायचे, आणि तासभर शिवण सरळ पडायची, बोलणंही सरळ. मला माझा भाऊ आठवला. अर्ध्या तासाच्या झोपेने तो कधी शुद्धीवर आला नव्हता. दारू अशी उतरत नाही आणि तासाभराने वास न येता पुन्हा चढत नाही. मी त्यांच्या बायकोला, सुमनबाईंना, दुकानात बोलावून घेतलं.

त्या शांतपणे म्हणाल्या, "मी बायको हाय ताई. मी रोज वास घेते. काई न्हाई. आता पानी पेलं की नाकातून येतंय. काल ठसका लागला तर डोळे पांढरे झाल्ते."

"मग डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टरला काई दिसतच न्हाई. समदं चांगलं हाय म्हन्तेत."

"तुम्ही कधी जाता?"

"सकाळच्या पहिल्या गाडीनं."

मी कपाळावर हात मारून घेतला. आपल्याकडे दवाखाना म्हणजे सकाळची पहिली गाडी. आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून, नंबर लवकर लागावा म्हणून. सकाळी दहाला साळवे डॉक्टरांपुढे बसायचे तेव्हा ठणठणीत असायचे. आजार गावातच राहायचा आणि माणूस तेवढा जालन्याला जाऊन यायचा.

"दुपारच्या गाडीनं चला," मी पत्र्यापलीकडे साळव्यांना म्हणाले. "आणि त्या दिवशी झोपू नका. दिवसभर शिवा."

"दुपारी कोन दवाखान्यात जातं, ताई?" असं म्हणत का होईना, ते सुमनबाईंना घेऊन आले. मला अस्तराचा माल आणायचा होता, मीही काळीपिवळीत बसले. पिशवीत ते ब्लाउज होतं.

जालन्यात संध्याकाळी बसणाऱ्या एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ब्लाउजच्या दोन्ही बाह्या बघितल्या आणि हसल्या नाहीत. साळव्यांना छताकडे बघत राहायला सांगितलं. मिनिटभरात डावी पापणी खाली आली, मागोमाग उजवी. मग म्हणाल्या, "तुम्हाला पाठ असलेलं काहीतरी मोठ्यानं म्हणा. थांबू नका."

साळवे उठून उभे राहिले. चपला काढल्या. सुमनबाईंनी माझा हात धरला, कारण ते काय म्हणणार हे आम्हा दोघींना कळलं. त्यांनी वंदनेपासून सुरुवात केली, त्रिशरण म्हटलं, मग शीलं. पहिलं, दुसरं. तिसऱ्याला आवाज नाकात गेला. चौथ्याला शब्द घसरले. पाचव्याला जीभ अडली. सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला.

डॉक्टरीणबाई मात्र खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. त्यांनी साळव्यांना टेबलावर झोपवलं आणि एका रबरी हातमोज्यात बर्फ भरून तो मिटलेल्या पापण्यांवर ठेवला. पापण्यांवरचा बर्फ थोड्या वेळाने काढला, डोळे उघडले, आणि डावी पापणी उजवीच्या बरोबरीने वर गेली. सुमनबाई बघतच राहिल्या. पण डॉक्टरीणबाईंनी साळव्यांना लगेच उठू दिलं नाही. आणखी थोडा वेळ बोलू नका, पडून राहा, म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, "शेवटची ओळ कोणती होती? जी अडली?"

"पाचवी," साळवे म्हणाले.

"आता फक्त तीच म्हणा. पहिल्या चार नकोत."

ते उठून बसले. एकदा आमच्याकडे पाहिलं. आणि पाचवं शील म्हटलं. सुरामेरयपासून शेवटपर्यंत, एकेक शब्द सुटा, सकाळी सातच्या आवाजात. बाहेर बाकावर बसलेले पेशंट आत डोकावले. साळव्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ती ओळ काही पापी नव्हती की जड नव्हती. ती बिचारी शेवटी होती, एवढंच.

बाईंनी समजावून सांगितलं. नस स्नायूला हुकूम देते, आणि तो हुकूम जिथे स्नायूवर पोचतो तिथे त्याला घेणाऱ्या जागा असतात. शरीरात रोगाशी लढणारी जी फौज असते ती चुकून आपल्याच या जागांवर हल्ला करते. पहिले काही हुकूम पोचतात, मग पोचेनासे होतात. विसावा दिला की पुन्हा पोचतात. म्हणून सकाळी चांगलं आणि दिवसभर वापरून संध्याकाळी वाईट. आजाराचं नाव मायस्थेनिया. रक्त तपासायचं, छातीचा फोटो काढायचा, मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं. गोळ्या आहेत. पुष्कळांना चांगला गुण येतो. गिळायला त्रास होऊ लागला होता, पुढे श्वासावर गेलं असतं. वेळेत आलात, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

साळव्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे आपलेच राखणदार आपल्याच मान्साला चोर समजून मारून राह्यले."

"अगदी बरोबर."

"मंग समजलं. आमच्या समितीसारखं."

इतक्या महिन्यांत सुमनबाईंना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

रक्ताचा अहवाल आला, तोच आजार निघाला. पहिली गोळी त्यांनी दुकानात घेतली. तासाभराने पत्र्यापलीकडून आवाज आला, "लताताई, सुई एकच दिसून राह्यली." दुपारचे चार वाजले होते. कोणती औषधं त्यांना चालत नाहीत याची एक चिठ्ठी डॉक्टरांनी दिली होती. कुठल्याही दवाखान्यात गेलं की आधी ती दाखवायची. साळव्यांनी आपल्या सगळ्या सदऱ्यांना आतून, डाव्या बाजूला, एक लहान खिसा शिवला. त्यात ती चिठ्ठी आणि गोळ्या. प्रत्येक खिशाला दुहेरी टीप. माणूस आजारी पडला म्हणून काम कच्चं करायचं नाही.

आठवड्याभराने हिवाळे मास्तर आले, समितीच्या दोघांना घेऊन. हातात अहवालाची झेरॉक्स, ती त्यांनी चष्मा लावून अख्खी वाचली होती. उभेच राहिले. म्हणाले, "काशिनाथराव, चूक झाली."

साळवे कापड कापत होते. त्यांनी ओळ पूर्ण केली, मगच मान वर केली. "मास्तर, कात्री चालली की माफी न्हाई, हे माझंच म्हननं हाय."

मास्तरांची मान खाली गेली. पत्र्याच्या या बाजूला माझीही गेली.

"पन तुम्ही कापलं न्हाई," साळवे म्हणाले. "चुकीचं शिवलं. शिवन उसवता येती. बसा, चहा सांगतो."

मास्तर गेल्यावर मी त्यांच्याकडे गेले. माफी मागायचीच होती, पण माझ्या तोंडून भलतंच निघालं. "टेलरभाऊ, लवंग परत सुरू करा की."

ते म्हणाले, "सोडली न्हाई ताई, थांबलो हाय. ज्या दिशी कोनाला माझा वास घ्यावा वाटनार न्हाई, त्या दिशी खाईन." बोलण्यात राग नव्हता. त्यामुळे मला जास्त लागलं.

आजार मुळासकट गेला नाही, काबूत आला. त्याचा एक फायदा आमच्या पंचक्रोशीला झाला. साळवे लग्नाला येण्याआधी नवरदेवाच्या बापाला फोन करायचे, "बारा पस्तीस म्हंजे बारा पस्तीस. माझी गोळी बाराला घेतलेली असंल." त्यांनी लावलेली लग्नं वेळेवर लागू लागली. दुसऱ्या समाजाची माणसं हळहळायची की आपल्याकडे असा आचार्य नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अशाच एका लग्नात. माझं दुकान मी पुतणीला दिलं होतं, दोन दिवसांनी मुलाकडे संभाजीनगरला जायचं होतं. नवरी टेंभुर्णीची, ब्लाउजचं अस्तर माझ्या हातचं शेवटचं. त्या दिवशी वऱ्हाडाची गाडी वाटेत बंद पडली आणि बारा पस्तीसचे साडेतीन झाले. गोळीचा अंमल उतरत आलेला, पुढच्या गोळीला अजून अवकाश. साळव्यांनी पंचशील सुरू केलं. तिसऱ्याला मला ते ऐकू आलं, आवाज नाकात चालला होता. चौथ्याला शब्द घसरले. ते थांबले. पापणी खाली आली.

त्यांनी माईक हिवाळे मास्तरांच्या हातात दिला, लोकांना हाताने थांबायची खूण केली, आणि खुर्चीवर बसून डोळे मिटले.

आमच्या भागातला मांडव मी आयुष्यभर पाहिला आहे. तो कशासाठीही गप्प बसत नाही. त्या दिवशी बसला. नवरा-नवरी उभे, वऱ्हाड उभं, वाढपी हातातली भांडी खाली ठेवून आलेले. कुणी हसलं नाही, कुणी मोबाइल वर केला नाही. एका बाईने कडेवरच्या लेकराला नुसतं बोटाने गप्प केलं. सगळ्यांना ठाऊक होतं की माणूस दमलाय, आणि थोडं थांबलं की येईल. एवढंच तर समजून घ्यायचं होतं.

बऱ्याच वेळाने साळवे उठले. माईक घेतला. नवरदेवाच्या दोस्तांकडे नेहमीसारखं जरा जास्त वेळ पाहिलं. "हे पाचवं नीट आईका," म्हणाले. आणि ते म्हटलं. मांडवाने त्यांच्यामागून इतक्या मोठ्याने म्हटलं की मीही, कधी न म्हटलेली, त्यात म्हणून गेले.

जेवणं उरकल्यावर मी निघाले तेव्हा ते रस्त्यापर्यंत पोचवायला आले. "जयभीम ताई. जल्दी या परत," म्हणाले. मी हो म्हटलं आणि रिक्षात बसले. तेवढ्यात ते जवळ वाकले आणि सोळा वर्षं शेजारी बसलेल्या माझ्या तोंडावर सावकाश श्वास सोडला.

लवंगेचा वास आला.